गुरुजींचा युफोरिया



गेल्या वर्षी आषाढ लागला त्या सुमारास एक काकू माझ्या दवाखान्यात एकट्याच आल्या. संध्याकाळची गर्दी ओसरेपर्यंत त्या कोपऱ्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या, आणि शेवटचा रुग्ण गेल्यावर आत येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, आमचे हे हल्ली फार आनंदात असतात. काहीतरी बघा."

तालुक्याच्या या गावी मी तीस वर्षे व्यवसाय करतो आहे. नवऱ्याला झोप लागत नाही, तो चिडतो, विसरतो, जेवत नाही, औषध घेत नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका रोज भेटतात. नवरा आनंदात असतो ही तक्रार मी प्रथमच ऐकत होतो. मला हसू आले. काकू हसल्या नाहीत.

(ही हकिकत दोघांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकूंचे यजमान म्हणजे आमच्या हायस्कुलातले जुने संस्कृत शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. वय 77. अर्धे गाव त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठे झालेले. शब्दरूपे चुकली तर ते रागवत, आणि बरोबर आली तर गप्प बसत. कौतुकाची त्यांची रीत तेवढीच. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांचे खांदे आणि मांड्या सकाळच्या वेळी जखडू लागल्या. सदऱ्यात हात घालता येईना, अंथरुणातून उठायला काकूंचा हात लागे. तपासण्या करून मी त्यांना शहरातल्या तज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले पॉलिमायॅल्जिया र्‍हुमॅटिका. हा साधारण पन्नाशीनंतरचा, म्हातारपणी अधिक आढळणारा आजार. रोज 15 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतःच्या हाताने भांग पाडला. या आजारात स्टेरॉइडचा गुण असा जादूसारखाच येतो. पुढे मात्र ते औषध महिनोन्महिने, अगदी अंगाअंगाने कमी करत न्यायचे असते, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

ज्येष्ठात गुरुजी मला नदीच्या घाटावर भेटले होते. पहाटे साडेपाचला, ताठ मानेने, झपझप चालत. मला त्यांनी आपणहून हाक मारली, माझ्या एका लेखाची स्तुती केली, खांद्यावर थाप मारली. पुढच्याच आठवड्यात पेढे घेऊन दवाखान्यात आले. मी त्यांचा रक्तदाब मोजला, "गुरुजी, तुम्ही तर पंचविशीत गेलात," असे म्हणालो आणि पेढा खाल्ला. किती मिलिग्रॅमवर आहात, एवढा एक प्रश्न विचारायचा राहिला. ती चूक माझी.

आता काकू सांगत होत्या. "रात्री अडीचला उठतात. दिवे लावून लिहीत बसतात. भासाच्या नाटकांवर मोठा ग्रंथ करायचा म्हणतात. चाळीस हजारांची पुस्तकं मागवली. रानाचा तुकडा विकून पाठशाळा काढायची, असं मुलाला फोनवर सांगून मोकळे झाले. बोलायला लागले की थांबत नाहीत. परवा चुलतदिरांच्या दहाव्याला गेलो, तर तिथं यांनी विनोद सांगितला. सगळे माझ्याकडं बघायला लागले." मग त्या थांबल्या, आणि पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "आणि मला म्हणाले, तुझ्या हातच्या आमटीला तोड नाही. बावन्न वर्षांत पहिल्यांदा."

मी गोळ्यांची विचारणा केली. डोस कमी केला की सकाळचे जखडणे थोडे परत येई, म्हणून गुरुजींनी आपल्या मनाने तो वाढवला होता. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून पाकिटे मिळत होती. 15 चे 20 झाले, 20 चे 40. मी काकूंना समजावले की हा आनंद बहुधा गोळ्यांचा आहे आणि गोळ्या कमी कराव्या लागतील. त्यावर त्या जे बोलल्या ते मी अजून विसरलेलो नाही.

"आजारच असेल, तर थोडे दिवस राहू दे ना, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी गुरुजींची दुपारच्या जेवणानंतरची रक्तशर्करा 318 आली. त्यांना मधुमेह नव्हता. राहू देण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यांच्या केसपेपरवर मी एकच शब्द लिहिला: युफोरिया.

हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. सामना जिंकला की युफोरिया, शेअर बाजार चढला की युफोरिया. आपल्या नातवंडांना या नावाची परदेशी मालिका ठाऊक असेल. मुलांना याच नावाचा दिल्लीचा वाद्यवृंद आठवेल, ज्याचा मुख्य गायक, योगायोग पाहा, शिकलेला डॉक्टर आहे. मूळ शब्दही डॉक्टरांचाच. आजच्या अर्थाने तो अत्यानंद, हर्षाची भरती. पण ग्रीक भाषेत 'यू' म्हणजे चांगले आणि 'फेरीन' म्हणजे वाहणे, वाहून नेणे. युफोरिया म्हणजे नीट वाहून नेणे. सहजपणे सोसण्याची ताकद. त्यात हर्ष नाही, उड्या मारणे नाही. पाठीवर ओझे आहे आणि माणूस ते नीट पेलतो आहे, एवढेच.

इंग्रजीत हा शब्द आला तो औषधाच्या पेटीतून. 1706 सालच्या एका इंग्रजी शब्दकोशात त्याचा अर्थ दिला आहे तो असा: रुग्णाने औषधाचा परिणाम चांगला सोसणे, म्हणजेच औषधाने त्याला उतार वाटणे. तेव्हा हा शब्द निरोगी माणसाला लागूच होत नसे. तो अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा शब्द होता. ताप उतरला, कूस बदलता आली, पेजेचा घोट गोड लागला, की वैद्याने लिहावे: युफोरिया.

मग त्याचा अर्थ फिरला कसा? फिरवला तोही डॉक्टरांनीच. 1860च्या दशकात थॉमस लेकॉक या इंग्रज वैद्याच्या ध्यानात आले की काही असाध्य आजारांच्या शेवटच्या टप्प्यात रुग्णाला अकारण बरे वाटू लागते, आशा वाटू लागते. आणि ही प्रकृती सुधारल्याची खूण नसून मज्जासंस्थेच्या बिघाडाची खूण आहे. क्षयाच्या रुग्णांतही जुन्या वैद्यांनी ही वेडी आशा पाहिली होती. तिला त्यांनी लॅटिन नावच देऊन ठेवले होते, 'स्पेस फ्थिसिका', क्षयरोग्याची आशा. पुढे 1884 मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइडने कोकेनवर प्रबंध लिहिला. स्वतः ते घेऊन पाहिल्यावर त्याने वर्णन केले की कोकेनने येणारा युफोरिया हा निरोगी माणसाच्या स्वाभाविक युफोरियासारखाच असतो. मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या आपल्या एका मित्राला त्याने सोडवणूक म्हणून कोकेन सुचवले, आणि तो मित्र कोकेनच्याही आहारी गेला. 1890च्या सुमारास जर्मनीत कार्ल वेर्निके उन्मादाच्या रुग्णांविषयी शिकवताना 'विकृत युफोरिया' असा शब्दप्रयोग करू लागला. दोनशे वर्षांच्या आत रुग्णाला उतार पडल्याची खूण ही रुग्ण हाताबाहेर जात असल्याची खूण बनली होती.

आणि मग आले गुरुजींचे औषध, किंवा त्याचे थोरले भावंड म्हणा. सप्टेंबर 1948, अमेरिकेतील मिनेसोटा राज्य, मेयो क्लिनिक. संधिवाताने जवळजवळ अपंग झालेल्या 29 वर्षांच्या एका स्त्रीला डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोनची इंजेक्शने सुरू केली. काही दिवसांतच ती चालू लागली आणि आठवड्याभरात बाजारात खरेदीला जाऊन आली. 1950 साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण पहिल्या काही रुग्णांतच हेही दिसून आले होते की सांधे मोकळे होण्याबरोबर काहींचे मन जरा जास्तच मोकळे होते. झोप उडते, बोलणे वाढते, बेत आभाळाला टेकतात; काहींना उलट घोर उदासीनता येते. 1972 साली बॉस्टनमधील एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्के रुग्णांत गंभीर मानसिक लक्षणे आढळली, 41 ते 80 मिलिग्रॅमच्या गटात 4.6 टक्के, आणि त्याहून अधिक घेणाऱ्यांत 18.4 टक्के. म्हणजे हा दोष रुग्णाच्या स्वभावाचा नाही. तो पुष्कळसा मात्रेचा आहे.

हे वाचून कुणी घाबरून आपली गोळी उद्यापासून बंद करू नये. हे मी हात जोडून सांगतो. काही आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतले की शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावते. अशा वेळी गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जिवावर बेतते. कमी करायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

मग घरातल्या माणसाने ओळखायचे कसे, की समोरचा आनंद खरा आहे की औषधाचा, आजाराचा? म्हातारपणी कुणी हसू लागले की लगेच रक्त तपासायला धावू नये, हे आधी सांगतो. सून बाळंत झाली, जुना मित्र भेटला, गुडघ्याची शस्त्रक्रिया चांगली झाली, तर माणूस हसणारच. काकूंनी जे टिपले होते ते मात्र कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके होते. झोप कमी झाली आणि तरी थकवा नाही. पैशांचे भान सुटले. बोलण्याला लगाम नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, दहाव्याच्या घरी विनोद. आनंद आणि प्रसंग यांची फारकत झाली की कान टवकारावेत. बदल किती दिवसांत झाला, आणि त्याआधीच्या महिन्याभरात कोणते औषध नवे सुरू झाले किंवा वाढले, हे आठवून लिहून आणावे. स्टेरॉइडप्रमाणेच कंपवाताची काही औषधे मनाचा लगाम सैल करतात. कधीच पत्ते न खेळलेला माणूस जुगाराला लागतो. नैराश्याच्या गोळीनेही क्वचित काटा उलट बाजूला झुकतो. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात झाला तर डावा हात लुळा पडूनही काही रुग्ण "मला काही झालेले नाही" असे शांतपणे सांगतात, आणि घरचे त्याला धीराचे समजतात. मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास होत असेल तर आयुष्यभर मितभाषी असलेला माणूस अनोळखी लोकांशी सलगी करू लागतो. यांतले काहीही आठवड्यांत घडले असेल तर आठवड्यात दाखवावे. तासाभरात घडले असेल तर त्याच तासात.

2020 आणि 2021 ही दोन वर्षे आपल्यापैकी कुणीच विसरलेले नाही. बोटाला लावलेले यंत्र ऑक्सिजन सत्तरच्या घरात दाखवत आहे आणि रुग्ण खुर्चीत बसून फोनवर गप्पा मारतो आहे, असे मी या डोळ्यांनी पाहिले. त्याला तेव्हा 'हॅपी हायपॉक्सिया' असे नाव पडले होते. इतके चुकीचे नाव मी वैद्यकात दुसरे पाहिलेले नाही. 'हॅपी' हा शब्द आला आहे 'हॅप' या जुन्या शब्दावरून, आणि हॅप म्हणजे योग, नशीब; तीच शेपूट 'पर्‌हॅप्स'मध्ये आणि 'मिसहॅप'मध्येही आहे. त्या खुर्चीतल्या माणसांना दम लागल्याची जाणीव नव्हती, एवढेच खरे. त्यांतल्या काहींना नशिबाने साथ दिली, काहींना दिली नाही.

असो. गुरुजींकडे परत येतो.

शहरातल्या तज्ज्ञांशी बोलून आम्ही मात्रा उतरवायला घेतली. 40 वरून तीन आठवड्यांत 15 वर, मग आणखी सावकाश 10 वर, आणि तिथून पुढे महिन्याला एकेक मिलिग्रॅम. साखर उतरली. झोप परतली. रानाच्या तुकड्याचा विषय मुलाने टाळला आणि तो विरून गेला. पण उत्तम लिहिलेला फळा कुणी ओल्या फडक्याने पुसून टाकावा तसे गुरुजी कोरे झाले. भाष्याचे कागद त्यांनी बांधून माळ्यावर टाकले. सकाळचे दुखणे थोडे होतेच. श्रावणात एकदा माझ्यासमोर बसून ते म्हणाले, "डॉक्टर, त्या चार महिन्यांत मी जो होतो तो मी होतो. हा मी नव्हे. तुम्ही माझ्यातला बरा माणूस काढून घेतलात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. रक्तशर्करा, ठिसूळ होणारी हाडे, उडालेली झोप, सगळे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकूनही घेतले, एखाद्या सुमार विद्यार्थ्याचा निबंध ऐकावा तसे.

मात्र त्यांची नजर केसपेपरवर होती. "हा कोणता शब्द लिहिलात?" त्यांनी विचारले. मी सांगितला. अर्थ विचारला, मी आधी आजचा सांगितला, मग ग्रीक. 'फेरीन' म्हणजे वाहणे हे ऐकताच गुरुजी खुर्चीत सरसावून बसले. कित्येक आठवड्यांत मी त्यांना असे बसलेले पाहिले नव्हते.

"फेरीन म्हणजे भरति," ते म्हणाले. "धातू भृ. धारण करणे, पोसणे, वाहणे." आणि मग दहावीच्या वर्गाला सांगावे तसे त्यांनी मला सांगितले. संस्कृतात जिथे भ येतो तिथे ग्रीक आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी फ ऐकू येतो आणि इंग्रजीत ब. आपला भ्राता, त्यांचा फ्रातेर, इंग्रजांचा ब्रदर. तसेच आपले भरति, ग्रीकांचे फेरेइ, इंग्रजांचे बेअर. या भाषांचे मूळ एक असावे, हे विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे 1786 सालीच मांडले होते. मला माझ्या पहिल्या वर्षाची शरीररचना आठवली: संवेदना मेंदूकडे वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना आम्ही 'अ‍ॅफरंट' म्हणत होतो आणि मेंदूकडून आज्ञा बाहेर नेणाऱ्यांना 'इफरंट'. त्यातला 'फर' हा गुरुजींच्या भृचा सख्खा नातेवाईक आहे, हे मला 30 वर्षांनी कळले.

"आणि यू म्हणजे आपला सु," गुरुजी म्हणाले. "म्हणजे तुमचा हा शब्द झाला सुभर."

त्या शब्दापाशी ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले की सुभर हा शब्द पालीतही आहे. करणीयमेत्तसुत्तात सत्पुरुषाच्या गुणांत तो येतो. पण तिथे त्याची दिशा उलटी आहे. सुभर म्हणजे ज्याला पोसणे सोपे आहे असा. ज्याच्या गरजा थोड्या आहेत, ज्याचा भार देणाऱ्यांना जाणवत नाही असा.

काकू शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे न पाहताच विचारले, "मी तसा आहे का?"

"बिलकूल नाही," काकू म्हणाल्या.

मी खाली बघून केसपेपर लिहू लागलो. गुरुजींनी क्षणभर गप्प राहून भर्ता आणि भार्या या शब्दांची फोड केली, कारण शिक्षकाला अडचणीच्या वेळी दुसरे काय सुचणार? भर्ता म्हणजे भरण करणारा, भार्या म्हणजे जिचे भरण करायचे ती. दोन्ही त्याच धातूपासून. काकूंनी विचारले, "मग पहाटे अंथरुणातून उठवतं कोण, बाथरूमपर्यंत नेतं कोण, सदऱ्याच्या बाह्या चढवतं कोण? तुमच्या व्याकरणात त्याला काय म्हणतात?" गुरुजी म्हणाले, "त्याला मराठीत सांभाळणं म्हणतात. तेही भृ पासूनच. सम् अधिक भृ."

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. आपला 'सुख' हा शब्द ऋग्वेदात रथाचे विशेषण म्हणून येतो. 'ख' म्हणजे पोकळी. ज्यात आस फिरतो ते चाकाच्या तुंब्याचे भोक, असा त्याचा अर्थ घेतात. ते भोक नीट कोरलेले असेल तर चाक न करकरता फिरते, रथ न हिसकता धावतो. तो रथ सुख. भोक वेडेवाकडे असेल तर दुःख. सुख हे 'सुस्थ'वरून आले असेही काही विद्वान मानतात, पण शेतकरी बापाच्या पोटी जन्मलेल्या गुरुजींचा कल पहिल्या व्युत्पत्तीकडे आहे. "माझे वडील बाजाराच्या आदल्या रात्री गाडीचं चाक काढून आसाला वंगण घालत," ते म्हणाले. "पोती तेवढीच असत. बैल तेच. पण दुसऱ्या दिवशी गाडी वेगळी चाले."

मला वाटते, त्या वाक्यानंतर आम्हा दोघांनाही पुढचे उपचार दिसू लागले. पोती कमी होणार नव्हती. 77 हे वय कमी होणार नव्हते. मी गोळी वाढवून देणार नव्हतो आणि हे आता त्यांनीही मनातून मान्य केले असावे. मग वंगण कुठे कुठे घालता येईल ते पाहायचे. सकाळच्या जखडण्यासाठी उठण्याआधी गरम पाण्याची पिशवी आणि अंथरुणातच दहा मिनिटांचे हलके व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले. पलंगाखाली लाकडी ठोकळे, म्हणजे उठताना मांड्यांवर ताण कमी. सदऱ्याऐवजी पुढून उघडणारा बाराबंदीसारखा बंडी-शर्ट, जो आमच्या गावच्या शिंप्याने बेताच्या पैशांत शिवून दिला. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. मन उदास राहते आहे का, हे दर भेटीत स्पष्ट शब्दांत विचारायचे; स्टेरॉइड उतरत असताना येणारी उदासी वाढली तर तिच्यावरही उपचार आहेत. या आजाराच्या रुग्णांनी आणखी एक सूचना कायम लक्षात ठेवावी: कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे, किंवा दृष्टी अचानक अंधुक होणे यांपैकी काही झाले तर एक दिवसही वाट पाहू नये. त्यात डोळा जाण्याचा धोका असतो.

आणि माळ्यावरचे कागद खाली आले. मोठा ग्रंथ नव्हे. गावातल्या दोन मुलांना संध्याकाळी तासभर शिकवायचे, एवढेच.

दुसरा केसपेपर मी त्याच दिवशी काढला. काकूंचा. चार वर्षांत त्यांचा रक्तदाब कुणी मोजला नव्हता. तो 172 वर 100 निघाला. गुरुजींच्या मागे त्या दर महिन्याला दवाखान्यात येत होत्या, त्याच खुर्चीत बसत होत्या, आणि मी त्यांच्याशी फक्त गुरुजींविषयी बोलत होतो. घरी आजारी माणूस असेल तर सांभाळणाऱ्याचा रक्तदाब, साखर, झोप यांची चौकशी डॉक्टरांनी करायला हवी. माझ्यासारखा एखादा विसरला तर तुम्ही स्वतःच दंड पुढे करा. काकूंना गोळी सुरू केली. पुतण्या आता आठवड्यातल्या दोन दुपारी गुरुजींजवळ बसतो आणि काकू भजनी मंडळाला जातात. आधी त्या नको म्हणाल्या. मग गेल्या. आता त्या दुपारी त्यांना कुणी फोन करू नये असा नियमच आहे.

फाल्गुनात दोघे पुन्हा आले. गुरुजी 5 मिलिग्रॅमवर आले होते. सकाळी अर्धा तास अंग धरते, मग सुटते, असे म्हणाले. साखर ठीक. चेहरा पूर्वीसारखाच कडक. माझ्या गेल्या लेखातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी दाखवल्या, स्तुती केली नाही, आणि मला बरे वाटले.

ते वजनकाट्याकडे गेले तेव्हा काकू हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, परवा जेवताना म्हणाले, आमटी चांगली झालीय."

मी वर पाहिले.

"मी लगेच उठून डब्यातल्या गोळ्या मोजल्या," त्या म्हणाल्या. "बरोबर होत्या."